पानावर आडवा हात

आमची भिशी कुणालाच लागत नाही. चौघीजणी दर महिन्याला अडीचशे रुपये काढतो आणि ते औंधच्या कपाटात साठत राहतात. औंध म्हणजे आमची मैत्रीण. नावं छापली तर पुढच्या वर्षी भिशीत तिघीच उरतील, म्हणून जी जिथे राहते त्यावरून तिला ओळखूया: औंध, हडपसर, बिबवेवाडी आणि मी सहकारनगर. वर्षाचे बारा हजार होतात. एरवी ते ताम्हिणीला जाऊन भिजण्यात आणि भजी खाण्यात जातात. यंदा औंधने फर्मान काढलं, पंचतारांकित हॉटेलातलं रविवारचं बुफे. माणशी २,४९९ रुपये, अधिक कर. आखाडातला शेवटचा रविवार, पुढे श्रावण, म्हणजे मुहूर्तही आयताच सापडला.

आकडा ऐकून बिबवेवाडीच्या पोटात तिथेच गोळा आला. ती पक्की शाकाहारी. "कोळंबीचे पैसे मी का भरायचे?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. औंध सीए असल्यामुळे तिच्याकडे होतं. "कारण तू कमी खातेस म्हणून आम्हाला जास्त खाता येतं. तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून बुफे चालतात." हे ऐकल्यावर बिबवेवाडीने जे तोंड मिटलं ते फक्त खायला उघडायचं असा निश्चय करूनच ती आली.

साडेबाराला आत शिरलो. सकाळपासून मी फक्त चहा घेतला होता. हडपसर डॉक्टर आहे, तिने व्हॉट्सअॅपवर बजावलं होतं की उपाशी येऊ नका, पित्त होईल. ती स्वतः ताकावर होती.

पहिली फेरी रिकाम्या ताटल्या घेऊन. काही घ्यायचं नाही, नुसती प्रदक्षिणा, असा औंधचा हुकूम. आणि चालता चालता तिचं ऑडिट सुरू. दाराजवळ पाव, सूप, बटाट्याचं सॅलड, नूडल्स. तिथले डाव भलेमोठे. आत आत जावं तसे चमचे लहान होत जातात. अगदी टोकाला, बर्फावर मांडलेल्या कोळंब्या आणि भाजलेली मटणाची तंगडी, तिथे तर चमचाच नाही. तिथे उंच टोपीवाला माणूस सुरी घेऊन उभा. तो कापून देणार. "पाव, सूप, भात, बटाटा, या चौघांना हात लावायचा नाही," औंध म्हणाली. "आणि त्या टोपीवाल्याकडे मागताना लाजायचं नाही. माणूस लाजून दोनच काप मागतो. ती लाजच यांचा नफा."

मी लाजले. दोनच काप घेतले.

बिबवेवाडीला तेवढ्यात महाराष्ट्रीय कोपरा सापडला. रुपयाच्या नाण्याएवढा वडापाव, त्यात टूथपिक खोचलेली. काचेच्या इवल्या पेल्यात मिसळ, वर शेवेचे मोजून पाच तुकडे. आणि कोथिंबीर वडी. तिने कोथिंबीर वड्या सहा घेतल्या. "अगं, घरी फ्रीजमध्ये उंडे आहेत माझे," पाचवी खाता खाता ती म्हणाली, "नुसते तळायचे बाकी आहेत." मी तिच्या ताटातली एक उचलली. खोटं कशाला बोला, माझ्या वडीपेक्षा चांगली होती.

माझं स्वतःचं ताट मात्र बघवत नव्हतं. एका बाजूला सुशीचे दोन तुकडे होते, शेजारी हौसेने दाल मखनी घेतली. चालताना ताटली जराशी कलली आणि दाल मखनी संथपणे सुशीच्या बुडाशी शिरली. वर पास्त्याचा पांढरा सॉस, त्याला चिकटलेला पापड. मी केळीच्या पानावर जेवलेली बाई. मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, वरण भाताच्या मुदीवर, हे हाताला न बघता कळतं. या गोल ताटलीला डावं-उजवं काहीच नव्हतं.

आमच्या घरात बुफे पहिल्यांदा आला तो मावसबहिणीच्या लग्नात. आजीने ती रांग पाहिली आणि खुर्ची सोडायला साफ नकार दिला. "ताट घेऊन उभी राहायला मी काय माधुकरी मागायला आलेय?" तिचं ताट शेवटी बाबांनी वाढून आणलं. वाढणं हा बाबांचा प्रांतच होता. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात कुणाचीही मुंज असो, बाबा धोतर खोचून जिलबीची परात घेऊन पंगतीत उतरायचे. जेवणारे गृहस्थ दोन्ही हात पानावर आडवे धरून "नको, नको, खरंच नको" करायचे. बाबा मुळीच जबरदस्ती करत नसत. ते नुसते तिथे थांबायचे आणि विचारायचे, "चिरंजिवांचं काय म्हणतंय मॅट्रिक?" गृहस्थ मार्क सांगायला हात उचलायचे, की पानात जिलबी पडलेली. मठ्ठ्याच्या बाबतीत तर तेवढंही नाही. द्रोणावर आडव्या धरलेल्या बोटांवरूनच ओगराळं रिकामं व्हायचं, आणि बोटं चाटत माणूस हसायचा.

पण काही पानांसमोरून बाबा न थांबता पुढे जायचे. मी एकदा विचारलं होतं की त्या काकांना का नाही वाढलं? म्हणाले, "त्यांना खरंच नको होतं." नको-नकोचे दोन प्रकार त्यांना पान बघून कळायचे, तोंड बघून कळायचे. टिळक रोडवर दूर्वांकुरला किंवा आपटे रोडवर श्रेयसला जेवायला गेलं की अजून थोडंसं तसं होतं. थाळी अमर्याद असते, पण वाटी रिकामी झाल्याचं आपल्याआधी वाढप्याला दिसतं, आणि आपण ताटावर हात धरला की तो पुढच्या टेबलाकडे वळतो. टेबलावरच शेगडी पेटवून कबाब देणाऱ्या ठिकाणी निदान एक छोटा झेंडा तरी असतो. तो खाली पाडला की सळया यायच्या थांबतात.

इथे पाडायला झेंडा नव्हता. आग्रह करायला कुणी नव्हतं, हात आडवा धरायचा तर कुणासमोर? आणि तरी आग्रह चालूच होता. मी थांबले की आतून आवाज यायचा, दोन हजार चारशे नव्व्याण्णव. उठ. अजून त्या थाय काउंटरला तू गेली नाहीस. बाबांना तोंड बघून कळायचं. या आकड्याला माझं तोंड दिसत नव्हतं. तिसऱ्या फेरीला मी कोळंबी घेतली ती भुकेने नव्हे, चवीनेही नव्हे. वसुलीला निघालेल्या तलाठ्यासारखी घेतली.

"पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात," हडपसर म्हणाली, सातवी कोळंबी सोलता सोलता.

"मग तुझा पोचला का?"

"वाटेत आहे. स्वारगेटला अडकलाय."

तीच पुढे गंभीरपणे म्हणाली की गोडाला पोटात वेगळा कप्पा असतो असं आपण म्हणतो ते अगदीच थाप नाही. एकाच चवीला जीभ कंटाळते, पण नवी चव आली की पुन्हा ताजी होते. म्हणून घरी आमटी-भात खाऊन माणूस वेळेवर उठतो आणि इथे साठ पदार्थांपुढे उठत नाही. हे ऐकून आम्हाला इतकं हायसं वाटलं की आम्ही चौघीही उठून गोडाकडे गेलो. चॉकलेटचं कारंजं होतं, छोट्या पेल्यांतली पुडिंगं होती, आणि कोपऱ्यात एक मुलगा गरम जिलबी पाडत होता. मी समोर उभी राहिले. त्याने चिमट्याने एक जिलबी उचलली, माझ्या बशीत ठेवली आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं. मी क्षणभर तशीच थांबले. कशासाठी ते त्याला कळणं शक्य नव्हतं.

बिल आलं तेव्हा साडेतीन वाजले होते. औंधने चष्मा लावला. जेवणाचे ९,९९६. त्यावर १८ टक्के जीएसटी, कारण खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलातलं जेवण; बाहेर रस्त्यावरच्या साध्या हॉटेलात हाच ५ टक्के लागतो. शिवाय सर्व्हिस चार्ज. तीन तास जवळजवळ मौन पाळलेल्या बिबवेवाडीला इथे कंठ फुटला. "तो ऐच्छिक असतो. बिलात आपोआप लावता येत नाही." वेटरने हसून, एक शब्द न बोलता नवीन बिल आणलं. ११,७९५ रुपये २८ पैसे. उरले २०४ रुपये ७२ पैसे. त्यातले शंभर औंधने त्या वेटरच्याच हातात ठेवले, त्यामुळे बिबवेवाडी पुन्हा गप्प झाली.

पाऊस थांबला होता. रिक्षात बसायची चौघींपैकी एकीचीही तयारी नव्हती, म्हणजे वाकायचीच तयारी नव्हती, तेव्हा बंडगार्डनच्या दिशेने हळूहळू चालत निघालो. वाटेत लिंबू सोड्याची गाडी दिसली. पंचवीसला एक. शंभर गेले, ४ रुपये ७२ पैसे पुढच्या वर्षीच्या भिशीत जमा, असं औंधने तिथेच जाहीर केलं. गाडीवाल्याने लिंबं पिळली, काळं मीठ, जिरं टाकलं, सोडा फसफसला. पहिल्या घोटाला हडपसरने दिलेला ढेकर वैद्यकीय दृष्ट्या समाधानकारक होता.

माझा पेला संपत आला तेव्हा त्याच्या हातातल्या बाटलीत थोडा सोडा उरला होता.

"घ्या ताई, उरलाय."

"नको हो, खरंच नको," म्हणत मी पेल्यावर हात आडवा धरला.

"कुठून आलात जेवून?" त्याने विचारलं. मी हॉटेलच्या दिशेने हात केला, आणि तेवढ्यात त्याने बाटली रिकामी केली.