गाळातल्या कॅल्शियमने फिरवलेला निकाल

सांडपाणी गाळणारी मेम्ब्रेन, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचे पडदे, लवकर चोंदू नयेत यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर निरनिराळे लेप देऊन पाहणे हे माझे काम. पीव्हीडीएफ या प्लास्टिकचे मेम्ब्रेन टिकाऊ असते. मात्र ते पाण्याला दूर ठेवते, आणि त्यामुळेच प्रथिने व जिवाणूंचा चिकट स्राव त्याला सहज बिलगतात. आम्ही त्यावर पॉलिअॅक्रिलिक आम्लाचा जलस्नेही थर चढवला होता. त्यावर ठेवलेला पाण्याचा थेंब लगेच पसरत असे, आणि अल्ब्युमिन प्रथिनाच्या नेहमीच्या चाचणीत साध्या पाण्याने धुताच प्रवाह जवळजवळ पूर्ववत होत असे.

त्या दिवशी प्रथमच एरेशन टाकीतला, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडून जिवाणू वाढवतात त्या टाकीतला, खरा गाळ वापरला. प्रवाह स्थिर ठेवला होता, म्हणजे मेम्ब्रेन चोंदू लागले की दाब वाढणार. पण लेप दिलेल्या तुकड्यावरचा दाब शेजारच्या कोऱ्या तुकड्यापेक्षा आधी चढला. उलट दिशेने पाणी सोडूनही तो उतरेना. लेप सुटून गेला असावा, असे सहकाऱ्याचे मत पडले. तुकडा बाहेर काढल्यावर मात्र त्यावर पारदर्शक, लवचीक साय दिसली. कडेला धरून ओढली तर तुटत होती, पण पृष्ठभाग सोडत नव्हती.

ती पाहून मला अल्जिनेटची, म्हणजे कॅल्शियम मिळताच जेलीसारख्या घट्ट होणाऱ्या समुद्री शेवाळातल्या शर्करेची, आठवण झाली. जिवाणूंच्या स्रावातील अनेक शर्करांवर ऋण भाराचे कार्बॉक्सिल गट असतात, आमच्या लेपावरही तेच होते, आणि पाण्यातले कॅल्शियमचे आयन या दोन्हींना पकडून मध्ये पूल बांधतात. खात्रीसाठी नव्या तुकड्यांवर सोडियम अल्जिनेटचे द्रावण सोडले, एकदा नुसते आणि एकदा कॅल्शियम क्लोराइड घालून. पहिल्याचा दाब संथपणे चढला, दुसऱ्याचा झपाट्याने. मग गाळाने माखलेला तुकडा कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ईडीटीएच्या द्रावणात बुडवला, तेव्हा जी साय पाण्याला दाद देत नव्हती ती विरघळू लागली.

केवळ अल्ब्युमिनवर मेम्ब्रेनची पारख करण्याची आमच्या क्षेत्रातली सवय मला तेव्हापासून अपुरी वाटते. प्राथमिक चाचणीतच कॅल्शियम असायला हवे. पुढे आम्ही सल्फोबीटेनचा लेप घेतला. त्यात धन आणि ऋण भार सारखेच असतात आणि कॅल्शियमला धरायला कार्बॉक्सिल गट नसतात. तोही चोंदतो, पण सावकाश. सध्या तो हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचच्या द्रावणात, भिजत ठेवला आहे, कारण प्रकल्पात मेम्ब्रेन वारंवार त्यानेच धुतले जाते आणि तिथे टिकला नाही तर त्याचा उपयोग नाही.