हिरवा की तपकिरी?

बारावीचं प्रॅक्टिकल जवळ आलं की मुलं हमखास विचारतात, "मॅडम, अवक्षेपांचे, म्हणजे द्रावणात तयार होणाऱ्या साक्यांचे, रंग पाठ कसे करायचे?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. पाठ करू नका. पहिल्या थेंबापासून टेस्ट ट्यूबवरची नजर हलवू नका.

मी नागपुरात शिकवायला लागले त्या काळातली गोष्ट. एका मुलीने हिराकशीच्या (फेरस सल्फेटच्या) द्रावणात कॉस्टिक सोडा टाकला आणि जर्नलमध्ये 'तपकिरी' लिहिलं. पुस्तकात होतं 'मळकट हिरवा'. मी गुण कापला. ती ट्यूब घेऊन टेबलाशी आली. "मॅडम, हे बदलून राहिलं ना!" बघते तर तळाशी हिरवं, आणि वर हवा लागते तिथे गंजासारखं कडं. ते हळूहळू खाली उतरत होतं. लोहाचं हिरवं फेरस हायड्रॉक्साइड हवेतला ऑक्सिजन घेऊन तपकिरी फेरिक होत होतं. तिने दिसलं तेच लिहिलं होतं, फक्त बघायला उशीर झाला होता. गुण मी परत दिला.

बोअरच्या पाण्यात लोह असलं की घरीही हेच दिसतं. उपसताना पाणी नितळ, आणि बादलीत रात्रभर राहिलं की तळाला तांबूस गाळ.

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात अमोनिया थेंबाथेंबाने टाका. आधी फिकट निळा साका येतो, पुढे टाकत गेलं की तो विरघळून गडद निळं द्रावण उरतं. घाईने ओतणाऱ्याला साका दिसतच नाही.

सिल्व्हर नायट्रेट टाकून द्रावणात क्लोराइड, ब्रोमाइड की आयोडाइड ते ओळखताना मात्र नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका. साक्यांचे रंग असे: क्लोराइड पांढरं, ब्रोमाइड फिकट पिवळसर, आयोडाइड पिवळं. ट्यूबलाइटखाली शेवटच्या दोघांत भले भले गोंधळतात. तिथे अमोनिया टाका. क्लोराइड चटकन विरघळतं, ब्रोमाइड जेमतेम, आयोडाइड हलतच नाही.

अँटिमनी सल्फाइडचा रंग नागपूरच्या मुलाला सांगावाच लागत नाही. पिकलेलं संत्रं आठवायचं.

माझा सगळ्यात आवडता लेड आयोडाइड. पिवळाधमक साका भरपूर पाण्यात उकळला की पूर्ण विरघळतो, द्रावण रंगहीन होतं. मग ट्यूब स्टँडला लावून थांबायचं. निवताना एकेक सोनेरी चकती चमकत खाली येते. आख्खा वर्ग गप्प होतो. बघून झालं की ते सिंकमध्ये ओतू नका, त्यात शिसं आहे. वेगळ्या बाटलीत जमा करा आणि हात धुवा.