काकी गेली, छत्री आली

चाकणच्या कारखान्यात दुभाषी म्हणून काम करता करता माझं जपानी एकाच अंगाने वाढलं. 'फुर्यो' म्हणजे सदोष माल, 'नोकी' म्हणजे माल पोचवायची तारीख, 'केन्सा' म्हणजे तपासणी. वेल्डिंगला तडा कुठे गेला हे मी झोपेतही जपानीत सांगेन. परीक्षेसाठी 'कला आणि साहित्य' या धड्यातले शब्दही पाठ केले होते. बिजुत्सु म्हणजे कला, बुनगाकु म्हणजे साहित्य, चोकोकु म्हणजे शिल्प, शोसेत्सु म्हणजे कादंबरी. परीक्षेत गुण मिळाले आणि कार्डांचा गठ्ठा रबर लावून कपाटात गेला. ते शब्द कुणाशी बोलायची वेळच आली नाही.

मागच्या नोव्हेंबरात कामासाठी तीन आठवडे ओकायामाला होते. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून केलंय ती बाग इथलीच, त्यामुळे पहिला रविवार तिथे गेला. (मूळ बाग बघताना "अगदी आपल्यासारखी आहे" असं तोंडून निघालं. पुणेकर, दुसरं काय.) दुसऱ्या शनिवारी 'शिओकाझे' पकडून मात्सुयामाला गेले. शिओकाझे म्हणजे समुद्रावरचा वारा, आणि गाडी नावाला जागते. १९८८ साली झालेल्या सेतो पुलावरून ती समुद्र ओलांडते, तेव्हा खाली लहान लहान बेटं आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या होड्या दिसतात. पावणेतीन तासांचा प्रवास आहे, पण पुलाची ती काही मिनिटं सोडली तर बाकीचा मी झोपेत केला.

मात्सुयामा हे हायकूचं गाव. मासाओका शिकी हा कवी १८६७ मध्ये इथे जन्मला. 'हायकू' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो त्याने रूढ केला. मराठीत शिरीष पै यांनी हायकू रुजवला, आईच्या कपाटात त्यांची पुस्तकं होती. तरी माझी समजूत शाळकरीच होती: तीन ओळी, थोडा निसर्ग, झालं.

गावातल्या दोगो भागाच्या दिशेने ट्राममध्ये बसले आणि पाऊस आला. म्हणजे आला आणि गेला. पुन्हा आला. ऊन तसंच होतं. दोगो-कोएनच्या थांब्यावर उतरून छत्री झटकत शिकी स्मृती संग्रहालयात शिरले, तर दारातल्या स्वयंसेवक आजोबांनी माझ्याआधी छत्रीकडे बघितलं आणि म्हणाले, "शिगुरे देसु ने."

शिगुरे माझ्या कार्डांत नव्हता. थंडीच्या तोंडाशी येणारी, येऊन लगेच सरणारी सर म्हणजे शिगुरे. श्रावणातलं ऊन-पावसाचं आपलं सगळं कौतुक मनात आलं, पण आजोबांनी आधीच ताकीद दिली: हा शब्द फक्त हिवाळ्याचा. जून-जुलैमधल्या संततधारेला सामिदारे म्हणायचं, उन्हाळ्यात संध्याकाळी कोसळणाऱ्या सरीला युदाची. शब्द उच्चारला की ऋतू ठरला. अशा ऋतुशब्दाला 'किगो' म्हणतात, आणि ते ऋतुवार लावून ठेवलेल्या जाड कोशाला 'साइजिकी'.

आजोबांनी मला जवळजवळ ताब्यातच घेतलं. एका खोलीत त्यांनी विचारलं, "इक्कु योमिमासेन का?" 'योमु' म्हणजे वाचणं, हे तर पहिल्या महिन्यातलं क्रियापद. एक वाचणार का? वाचते की! भिंतीवर समोर टांगलेली हायकू मी खड्या आवाजात, शाळेत धडा वाचतात तशी वाचून दाखवली. शेजारच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग डाव्या तळहातावर उजव्या हाताच्या बोटाने एक अक्षर गिरवलं. जपानी माणसं नेहमी असं करतात, हवेतला शब्द तळव्यावर उतरवून दाखवतात. डावीकडे 'शब्द', उजवीकडे 'दीर्घ काळ'. हाही योमुच, उच्चार तोच, पण याचा अर्थ कविता रचणं. शब्द लांबवत म्हणायचा, म्हणून तसं अक्षर. ते मला "एखादी करणार का?" असं विचारत होते.

आणि हायकू 'हितोत्सु, फुतात्सु' अशा मोजायच्या नाहीत. इक्कु, निकु. तांका, म्हणजे हायकूहून लांब पाच ओळींची कविता, असेल तर इश्शु. टांगायची चित्रगुंडाळी असेल तर इप्पुकु, पुस्तक असेल तर इस्सात्सु. कारखान्यात मी सगळं 'को'ने मोजते, नट काय नि वॉशर काय. पण आपण तरी माणसांना तीन म्हणतो का? तिघं म्हणतो, चौघं म्हणतो. हे आठवल्यावर इश्शु-इप्पुकुचा राग गेला. धड्यात हे शब्द शेवटच्या पानावर बारीक अक्षरांतल्या कोष्टकात होते आणि आमच्या वर्गात ते पान गाळलं होतं.

पुढे शिकीच्या आजारपणाची गोष्ट निघाली. क्षयाने तो अंथरुणाला खिळला आणि १९०२ मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेला. शिकी हे होतोतोगिसु पक्ष्याचंच नाव. तो पक्षी रक्त ओकेपर्यंत गातो अशी समजूत, म्हणून क्षयाच्या रोग्याने ते टोपणनाव घेतलं. शेवटच्या दिवसांत अंगणातल्या 'हेचिमा'वर त्याने हायकू केल्या. हेचिमा म्हणजे चक्क घोसाळं! त्याच्या वेलाचं पाणी कफावर औषध म्हणून घ्यायचे. मी घोसाळ्याची फक्त भजी केलेली, त्यामुळे तिथे जरा ओशाळल्यासारखं झालं.

"झोपूनही तो काइते इमाशिता," आजोबा म्हणाले. मी आता सावध होते. विचारलं, 'काइते' हे कुठल्या 'काकु'चं रूप? ते खूश झाले. कारण काकु म्हणजे लिहिणं आणि काकु म्हणजेच चित्र काढणं. कानाला फरक नाही, फरक तळहातावर. लिहिण्याच्या अक्षरात कुंचला आहे. चित्र काढण्याच्या अक्षरात डावीकडे हात, आणि उजवीकडे शेतातलं रोप. आमचं आजोळ कोकणात. चिखलात वाकून लावणी करणारा हात मला तिथेच, त्यांच्या सुरकुतलेल्या तळव्यावर दिसला. ते अक्षर आता मी विसरणार नाही. शिकी दोन्ही अर्थांनी काकु करत होता, पडल्या पडल्या फळाफुलांची जलरंगातली चित्रं काढायचा.

मराठीतही आपण चित्र काढतो, रांगोळी काढतो, आणि लहान मूल पाटीवर 'ग'सुद्धा काढतंच. उलट वारली बायका लग्नाचा चौक काढत नाहीत, 'लिहितात'. हे मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं तेव्हा आजोबांनी खिशातली वही काढून टिपून घेतलं. दिवसभरात मी त्यांना दिलेली ही एकच गोष्ट.

मग आला 'शासेइ', त्या दिवसाचा मुख्य शब्द. जिवंत आहे ते उतरवून घेणं. मूळ चित्रकारांचा शब्द, समोर बसून वस्तू रेखाटण्याचा. चित्रकार मित्रांकडून शिकीने तो उचलला आणि कवितेला लावला: जे समोर आहे ते बघा, ठरलेल्या उपमा नकोत. त्याचा मित्र नात्सुमे सोसेकी १८९५ मध्ये इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होता. त्याच्या बिऱ्हाडात शिकी बावन्न दिवस राहिला. ते घर संग्रहालयात पुन्हा उभारलंय. छोटंसं आहे. तिथे बसून मी कागद मागितला.

पाच-सात-पाच मोजताना मराठी शाळा कामाला आली. या मात्राच आहेत. दीर्घ स्वराच्या दोन, अनुनासिकाची एक, जोडाक्षराआधीच्या थांब्याचीसुद्धा एक. माझ्या पिशवीत स्टेशनजवळ घेतलेलं पर्सिमनचं एक फळ होतं, आपल्या टेंभुर्णीच्या गोतातलं. जपानीत त्याला 'काकी' म्हणतात. (हो. बाजारात "काकी, काकी" ऐकून मी पहिल्या दिवशी मागे वळून बघितलं होतं.) पंधरा मिनिटांनी मी लिहिलं:

काकी हितोत्सु
मोत्ते देन्शा नो
शिगुरे काना

एक काकी घेऊन, ट्राममधली शिगुरे, अहा. मात्रा बरोबर होत्या. पण आजोबांनी 'काकी'खाली रेघ मारली. काकी शरदाची, शिगुरे हिवाळ्याची. एका हायकूत दोन ऋतुशब्द म्हणजे 'किगासानारि', दोष. फुर्यो! मी म्हणाले, पण दोन्ही खरंच होतं, फळ पिशवीत आणि पाऊस बाहेर. ते म्हणाले, तुझ्या हातात काय होतं?

हातात छत्री होती. अजूनही होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत निथळत. छत्रीला जपानीत 'कासा'. त्यांनी 'की' खोडून 'सा' लिहिलं.

कासा हितोत्सु
मोत्ते देन्शा नो
शिगुरे काना

एका अक्षराने काकी गेली, छत्री आली. आता मात्र मी वाद घातला, कारण नुकतंच शिकले होते: छत्री 'हितोत्सु' नाही, 'इप्पोन' मोजायची ना? त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं, का-सा-इ-प्-पो-न, सहा. मग खांदे उडवले. एका मात्रेसाठी व्याकरणाने थोडं सरकून बसायला त्यांची हरकत नव्हती. आपल्याकडच्या वृत्तांत तरी ऱ्हस्व-दीर्घाचं दुसरं काय होतं?

मात्सुयामात जागोजागी हायकूच्या टपालपेट्या आहेत. पहिली १९६८ मध्ये बसवली. शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या असतात, लिहायचं आणि टाकायचं, निवड जाणकार करतात. दोगोच्या जुन्या स्नानगृहाजवळच्या पेटीत मी माझी 'इक्कु' टाकली. लिहिताना अक्षर वाकडं आलं, 'देन्शा'च्या दुसऱ्या अक्षरातली रेघ चौकटीबाहेर गेली. स्नानगृहाची १८९४ ची लाकडी इमारत बघितली, आत मात्र गेले नाही, रांग फार होती. तीन रंगांची दांगो, म्हणजे गोळ्यांची मिठाई, खाल्ली. ठीक होती.

परतीच्या शिओकाझेत पूल यायच्या आधी पिशवीतलं फळ बाहेर काढलं. हायकूतून बाद झालं म्हणून पोटातून कशाला? साल काढायला सुरी नव्हती, तसंच दाताने सोललं. गोड होतं. शेजारच्या बाईंनी न विचारता कागदी रुमाल पुढे केला.