तिकिटातली हवा

वर्तमानपत्राच्या कागदात गरम भजी बांधून घेतली की दोन मिनिटांत पलीकडच्या पानावरच्या बातम्या अलीकडून दिसू लागतात. कागद तोच, शाई तीच. निघून गेलेली असते फक्त हवा. कागदाच्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेपाशी उजेड अडखळतो, इकडेतिकडे विखुरतो, म्हणून कागद पांढरा दिसतो. तिथे तेल शिरले की अडखळायला फारसे काही उरत नाही. पारदर्शक रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, छापील चित्र बसवून पेन करायचे असेल, तर हा भज्यांचा कागद आधी आठवावा. रेझिनही तेलासारखेच शिरते. फक्त ते पुन्हा निघत नाही.

रेल्वेचे जुने पुठ्ठ्याचे तिकीट घेऊ. १८३०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये थॉमस एडमंडसन या रेल्वे कर्मचाऱ्याने काढलेली ही पद्धत आपल्याकडेही बरीच वर्षे चालली. माप साधारण ५७ बाय ३१ मिमी. आता पेनाच्या गाभ्यासाठी साडेदहा मिमी व्यासाची पितळी नळी घेतली, तर तिचा परीघ येतो ३३ मिमी. लांब बाजू नळीला समांतर ठेवली की तिकीट तिच्याभोवती जवळजवळ पुरते, शिंप्याने माप घेतल्यासारखे. तरी खरे तिकीट गुंडाळू नये. पाऊण मिमीचा पुठ्ठा वळता वळता चिरतो, आणि एका पेनापायी असले तिकीट खर्ची घालणे बरेही नव्हे. ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून ७० किंवा ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) साध्या कागदावर लेझर प्रिंट काढावी. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते. तिला नुसता ओला हात लागला तरी स्टेशनचे नाव पसरते.

कागदाची जाडी धरून परीघ ३३.६ मिमी होतो, जोडासाठी १ मिमी जास्त. म्हणजे रुंदी साधारण ३४.६ मिमी हवी. तेवढ्यासाठी तिकीट ताणू नये, अक्षरे लठ्ठ होतात. कडेचा रंग संगणकावर थोडा वाढवून घ्यावा. वर येणारी कड खालच्या बाजूने बारीक पॉलिश पेपरवर घासून पातळ केली की जोड उंचवटा धरत नाही. दोन्ही टोकांना २ मिमी मजकुराविना सोडावे.

आता हवेचा प्रश्न. इथे दोनच मार्ग आहेत: हवा कागदात पक्की कोंडायची, नाहीतर ती जाणार हे मान्य करून पांढरेपणा दुसरीकडून आणायचा. शहाणा माणूस दोन्ही करतो. नळी आधी घासून पांढऱ्या रंगाने रंगवायची, म्हणजे कागद कुठे भिजलाच तरी मागून पितळ डोकावत नाही. मग पांढऱ्या डिंकात थोडे पाणी घालून कागद चिकटवायचा आणि मधून कडेकडे बोट फिरवत डिंकाखालची हवा काढायची. रात्रभर वाळल्यावर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे तीन-चार पातळ हात द्यायचे. एक जाड हात म्हणजे चार पातळ हात नव्हेत. तो ओघळतो आणि जोडापाशी टाचणीएवढी भोके ठेवतो. कड विसरणे ही इथली सर्वांत सामान्य चूक. पृष्ठभाग आरशासारखा आणि कापलेली कड उघडी, की रेझिन तिथूनच शिरते आणि तिकिटावर तेलकट नकाशा उमटतो. त्याच कडेतून निघालेली हवा जोडालगत बुडबुड्यांची माळ लावते ती वेगळीच.

नळीची तोंडे मेणाने किंवा मुलांच्या क्लेने बुजवायची, मग ती साच्यात ठेवून भोवती रेझिन ओतायचे. साचा २० बाय २० मिमी आणि ६५ मिमी लांब असेल, तर नळीची जागा वजा जाता २१ मिली रेझिन लागते. दोनास एक वजनाने मिसळायचे इपॉक्सी जातीचे रेझिन असेल तर, पेल्याला चिकटून वाया जाणारे धरून, २० ग्रॅम रेझिन आणि ते घट्ट करणारे १० ग्रॅम हार्डनर. एवढ्याशा कालवणात एक ग्रॅमची चूक म्हणजे हार्डनरमध्ये दहा टक्क्यांची चूक, म्हणून ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. बाटलीवरचे प्रमाण वजनाचे की मापाचे, तेही वाचावे. तीन-चार मिनिटे सावकाश ढवळून दुसऱ्या पेल्यात ओतून पुन्हा ढवळावे. पहिल्या पेल्याच्या कडेला न मिसळलेला थर राहतो आणि तोच पुढे चिकट पट्टा होऊन छळतो. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. पावसाळ्यात मात्र पॉलियुरेथेन या दुसऱ्या जातीच्या रेझिनच्या वाटेला जाऊ नये. कागदातला ओलावा त्याच्याशी भिडून कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि पेनाऐवजी सोडा वॉटर तयार होते.

उरलेले बुडबुडे दाबून अदृश्य करायला प्रेशर पॉट, म्हणजे आत हवा दाबून भरायचे बंद भांडे, लागतो, ४० ते ५० पीएसआयचा (चौरस इंचाला तेवढे पौंड दाबाचा), तेवढ्या दाबासाठी बनवलेला. स्वयंपाकघरातला कुकर १५ पीएसआयच्या आसपासचा. त्याला या भानगडीत ओढणे जिवावर बेतेल. दाबाची दुसरी बाजूही आहे: स्प्रेच्या थरात एक जरी भोक असेल, तर दाब रेझिनला त्यातून कागदात ढकलतो. दाब नीट केलेले काम आणखी चांगले करतो आणि केलेला आळस चव्हाट्यावर आणतो.

दोन-तीन दिवसांनी घट्ट झालेला ठोकळा लेथवर, म्हणजे फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, चढवला की मजा सुरू होते. चौकोनी ठोकळ्यात तिकीट आत कुठेतरी बुडाल्यासारखे दिसते. कोपरे जाऊन तो गोल झाला की तेच तिकीट फुगते, पण कडेला काचेसारखी पट्टी राहते. व्यास १६ मिमीच्या खाली आला की ती पट्टी गायब होते आणि चित्र थेट कडेपर्यंत पसरते. रेझिनचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवण्याचे माप, साधारण दीड. आतल्या व्यासाच्या दीडपटीपेक्षा बाहेरचा व्यास कमी झाला की पारदर्शक थर बाजूने दिसतच नाही. जाड काचेच्या अत्तराच्या कुपीत अत्तर काठोकाठ वाटते, ते याचमुळे.

पुढे साडेबारा मिमीला थांबायचे. थर जेमतेम एक मिमीचा उरतो, तेव्हा हत्यार धारदार आणि हात हलका हवा. टोके सपाट करायला कटर लावला तर तो कागद उचकटतो. पॉलिश पेपरच्या चकतीवर घासणे बरे. मग त्या उघड्या कडेला पातळ सुपरग्लूचा थेंब लावायचाच, कारण पुढचा वॉटर पेपर ओला चालतो आणि पाणी तिथून तिकिटाखाली शिरते. कोरडे घासले तर इपॉक्सी तापून मऊ पडते.

तिकीट डकवण्यापूर्वी एक विचारून घ्यावे: पेन वापरणारा डावखुरा आहे का? उजव्या हाताने लिहिणाऱ्याला मजकूर निबेकडून टोपणाकडे वाचता येतो, डावखुऱ्याला टोपणाकडून निबेकडे. नाहीतर त्याला आयुष्यभर दादर ते पुणे उलटेच वाचावे लागेल.