व्हॅममधलं सोल्युशन किती स्ट्राँग?

आमच्या प्लांटचं चिल्ड वॉटर वाफेवर चालणाऱ्या व्हेपर ॲबसॉर्प्शन मशीनमधून येतं. युटिलिटीत सगळे त्याला व्हॅमच म्हणतात. आत लिथियम ब्रोमाइड आणि पाणी, आणि इतकं व्हॅक्यूम की पाणी पाच अंशांच्या आसपास उकळतं. ती वाफ ब्रोमाइड ओढून घेतं. सोल्युशन वीक पडलं की कूलिंग मिळत नाही, जास्त स्ट्राँग झालं की हीट एक्स्चेंजरमध्ये क्रिस्टल धरतात आणि मशीन बसतं.

मधली जागा फार थोडी आहे. स्ट्राँग सोल्युशन वजनाने ६३-६४ टक्के ब्रोमाइडवर फिरतं. ६५ टक्क्यांचं सोल्युशन चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत उतरलं की क्रिस्टल सुरू. थंडीत पहाटे कूलिंग टॉवरचं पाणी फार गार झालं, किंवा लाइट गेली आणि डायल्यूशन (मशीन बंद करताना सोल्युशन पातळ करणं) अर्धवट राहिलं, की मी आधी तिकडे धावतो.

पॅनेलवरचा टक्का बहुतेक मशीनांत मोजलेला नसतो. जनरेटर, म्हणजे व्हॅममधला सोल्युशन तापवून त्यातलं पाणी उडवणारा भाग, त्यातून निघणाऱ्या सोल्युशनचं आणि ती वाफ परत पाणी करणाऱ्या कंडेन्सरचं तापमान घेऊन तो गणिताने काढलेला असतो. तापमानात दोन-अडीच अंशांची चूक म्हणजे जवळपास एक टक्का गेला, आणि क्रिस्टल धरण्याआधी आपल्या हातात असतो तेवढाच. सेन्सर थर्मोवेलमध्ये (पाइपमध्ये बसवलेल्या त्याच्या नळीत) नीट टेकलेला नसला तरी एवढी चूक सहज होते.

म्हणून नव्या पोरांना मी सॅम्पल काढायलाच लावतो. व्हॉल्व्ह नुसता उघडला तर सोल्युशन बाहेर येणार नाही, हवा आत जाईल. आधी बाटली पंपाने व्हॅक्यूमला घ्यायची, मग व्हॉल्व्ह उघडायचा. हातमोजे घालूनच, कारण काही मशीनांत गंज रोखायला घातलेलं क्रोमेट असतं, ते विषारी. सोल्युशन सिलिंडरमध्ये ओतून हायड्रोमीटर (तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी) सोडायचा आणि त्याच क्षणी थर्मामीटर वाचायचा. ६० टक्क्यांना घनता साधारण १.७ येते, एका टक्क्याला ०.०२ च्या आसपास फरक. तापमान न लिहिता आणलेलं रीडिंग मी परत पाठवतो. वीस अंशांच्या फरकाने उत्तर अर्ध्या टक्क्याहून जास्त हलतं.

कंडक्टिव्हिटी मीटर का नाही, असं पोरं विचारतात. प्रश्न चांगला आहे. मीठ वाढलं की कंडक्टिव्हिटी वाढते, पण ब्रोमाइड एवढं स्ट्राँग झालं की ती उलट घसरायला लागते. शिवाय तापमानाने ती घनतेपेक्षा कितीतरी जास्त बदलते. कोरिओलिस मीटर, म्हणजे नळीच्या कंपनांवरून मोजणारा मीटर, घनता थेट लाइनवर देतो, पण महाग पडतो. तरी मोठ्या मशीनच्या स्ट्राँग लाइनवर तो असावाच, असं माझं ठाम मत आहे. क्रिस्टल धरलेला एक्स्चेंजर बाहेरून तापवत बसायचं आणि तोवर प्रोडक्शन थांबवायचं, हा खर्च मीटरच्या कोटेशनसमोर कुणी मांडतच नाही.