फिरकी धरणारा

परवा दुपारी दादर चौपाटीवर उगाच उभा होतो, समोर सी लिंक, आणि शेजारचे काका नातवाला सांगत होते, बघ हा झुलता पूल. मला अशा वेळी राहवत नाही, तरी गप्प बसलो. अहो, सी लिंकच्या केबल टॉवरमधून तिरप्या सरळ खाली येऊन रस्ता धरतात. झुलत्या पुलात मुख्य केबल टॉवरवरून लोंबत या काठापासून त्या काठापर्यंत जाते, दोन्ही टोकं अजस्र काँक्रीटमध्ये गाडलेली, आणि रस्ता तिला टांगलेला. सगळा ताण त्या दोन टोकांवर.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट या झुलत्या पुलाचं, म्हणजे 1937 चं, बघा. एकेका केबलमध्ये 27,572 तारा, प्रत्येक तार पाच मिलिमीटरपेक्षा बारीक. एवढी केबल तयार करून वर चढवणार कोण, म्हणून चाकावरून तार पलीकडे न्यायची, परत आणायची, असं करत हवेतच बनवली.

पण मला कायम पडणारा प्रश्न वेगळाच, सगळ्यात पहिली दोरी पलीकडे कशी जाते? नायगाराच्या दरीत 1848 साली ती पतंगाने गेली. खाली पाणी असलं खवळलेलं की होडीची सोय नाही, म्हणून पतंगाची शर्यतच लावली. होमन वॉल्श नावाचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, पहिल्यांदा त्याचा दोरा बर्फात अडकून तुटला, मग पुन्हा उडवला आणि पोचवला. त्या दोऱ्याला जरा जाड दोरी, तिला अजून जाड, असं करत शेवटी पूल.

आमच्या परळच्या गच्चीवर पतंग उडवायचा दादा, मी फिरकीला. भर उन्हात पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहायचं, दांडे घासून अंगठ्यांची सालं निघायची, आणि हा नुसता ‘ढील दे, ढील दे’ ओरडणार. पतंग कटला की चूक फिरकीवाल्याची, हे ठरलेलं. वॉल्शची फिरकी कोण धरून होतं, ते कोणी विचारतं का? नाही.

दादा हल्ली पतंग उडवत नाही. मांजाही तो राहिला नाही, नायलॉनचा आलाय, बंदी असून सर्रास मिळतो, फ्लायओव्हरवर बाइकवाल्यांचे गळे कापतो. जानेवारीत मी मफलर गुंडाळूनच बाइक काढतो. मुंबईत मफलर म्हणून ऑफिसात हसतात, हसू देत.