आमची वाटचाल : टिप्याच्या पाटीपासून

आज आम्ही लोकांच्या कुत्र्यांची चित्रं काढून पाट्या, मग, कॅलेंडर करतो, पण आमचं दुकान मुळात पाट्यांचं. साताऱ्यात मोती चौकाजवळ एका जिन्याखाली अण्णा बोर्ड रंगवायचे, नंबर प्लेट लिहायचे, गणपतीत कापडी फलक करायचे. फ्लेक्स आले आणि आधी कापड गेलं, मग बोर्डही. नियमित म्हणावं असं एकच काम उरलं: 'कुत्र्यापासून सावध राहा'. त्यावरचा सुळे काढलेला अल्सेशियन अण्णा न बघता काढायचे. साताऱ्यातल्या कितीतरी फाटकांवर तो एकच कुत्रा गुरगुरत होता.

एकदा शाहूपुरीतल्या एका मास्तरांनी पाटी परत आणली. "आमचा टिप्या असा नाही हो. त्याला काढा." टिप्या गावठी, एक कान उभा, एक पडलेला. बेल वाजली की पायपुसण्यावर दोन-तीन गिरक्या घ्यायचा आणि तिथंच मुटकुळं करायचा. मी पत्र्यावर तसाच काढला, एक डोळा किलकिला. अण्णा म्हणाले, "अगं, ही पाटी बघून चोर आत येऊन चहा पिऊन जाईल." पण त्याच गल्लीतून आणखी चार पाट्या आल्या. सगळ्यांना आपापला कुत्रा हवा होता.

तेव्हा कळलं की मला कुत्रा काढताच येत नाही. मागच्या पायाचा 'उलटा गुडघा' म्हणून मी जो काढायचे, ती खरं तर टाच. कुत्रा बोटांवर चालतो, खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. हे कळल्यावर माझे कुत्रे नीट उभे राहायला लागले.

बाकीचं शिक्षण राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर झालं. वड्याच्या गाडीजवळचा कुत्रा वड्याकडे बघत नाही, खाणाऱ्याच्या हाताकडे बघतो, आणि मग तोंडाकडे. तेव्हा त्याच्या भुवयांची आतली टोकं वर जातात. त्यासाठी कुत्र्याला एक खास स्नायू असतो, लांडग्यात तो जवळजवळ नसतोच, असं २०१९ साली संशोधकांनी दाखवलं. कागदावर ती एवढीशी रेघ. जरा वर गेली की कुत्रा लाचार, जरा खाली आली की हवालदार.

चूकही मोठी झाली. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं फोटो पाठवला: तोंड उघडं, जीभ बाहेर. मी हसरा कुत्रा काढला, बारा मग छापून पाठवले. त्यांच्या आईंचा फोन आला, "पोरी, हा दिवाळीतला फोटो आहे. फटाक्यांना घाबरून तो पलंगाखाली होता." फोटो पुन्हा पाहिला. कान मागे चिकटलेले, ओठांचे कोपरे ताणलेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय. सगळं समोर होतं, मी फक्त जीभ पाहिली होती. बाराही मग पदरचे गेले. आता फोटो नको म्हणते, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागते, शेपटीसकट. आणि विचारते, घरात कोणी आलं की हा काय करतो? बहुतेक चित्रं त्या उत्तरातूनच निघतात.

आता आम्ही तिघं आहोत: मी, अण्णा आणि पॅकिंग-कुरिअर बघणारा माझा मावसभाऊ. पाट्या, मग, कॅलेंडर एवढंच करतो. कुत्र्याला टोपी, गॉगल, मिश्या लावून द्या म्हणणाऱ्यांना नाही म्हणते. त्यावर एकानं मला साताऱ्याजवळच्या संगम माहुलीची आठवण करून दिली. साताऱ्याच्या गादीवरच्या थोरल्या शाहू महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला जरीचे कपडे चढवले, डोक्यावर पगडी ठेवली, असं सांगतात, आणि त्याची समाधी तिथंच आहे. वाघापासून जीव वाचवला होता म्हणे त्यानं. तुमच्या कुत्र्यानं वाघ अडवला असेल तर पगडी काढून देते, म्हटलं. ऑर्डर गेली.

गेल्या पावसाळ्यानंतर मास्तर टिप्याची पाटी घेऊन आले. टिप्या जाऊन वर्ष झालं होतं. रंगाचे पोपडे निघाले होते. "अक्षरं नवी करा," म्हणाले, "कुत्र्याला हात लावू नका." अक्षरं अण्णांनी ओढली. पैसे घेतले नाहीत, मी घेतले असते.